शरियत, सरकार आणि संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनाला 'स्त्री आणि कायदा' असा विषय ठरला आणि मुसलमानी कायद्यावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले. मी म्हटले, अहो, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या मराठी शाळेत सातवी झालेली बाई. पुढची शाळा तरीपलीकडे होती म्हणून शिक्षण तिथेच थांबले. एखाद्या वकीलबाईंना बोलवा. त्यावर त्या म्हणाल्या, "वकीलबाई कलमे सांगतील. ती कलमे स्वयंपाकघरात कशी येतात ते तुम्ही सांगा." एवढे म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. वाचनालयातून पुस्तके आणली, धाकट्या मुलीकडून कोर्टाचे निकाल वाचून घेतले, वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात काम करणाऱ्या एका वकीलबाईंना दोनदा जाऊन विचारून आले. त्यातले जे समजले आणि पटले तेच आज सांगते.

मागे आपण मंडळाचे पापड लाटायला बसलो होतो, तेव्हा एका वहिनींनी मला विचारले, "तुमच्यात चार बायका चालतात ना हो?" मी म्हटले, "चालतात म्हणे. पण आमच्या ह्यांना एकीचेच वाणसामान झेपत नाही." सगळ्या हसल्या आणि विषय तेथेच संपला. परंतु मुसलमानी कायदा म्हटला की लोकांना चार बायका आणि तीन तलाक एवढेच आठवते, हे मला खटकते. आमचे काही मौलवीही जणू एवढ्यावरच सगळा धर्म उभा आहे अशा थाटात बोलतात, हेही खटकते.

पहिली गोष्ट ही, की शरियतचा पुष्कळसा भाग आपल्या देशात लागूच नाही. चोरी, मारामारी, खून यांना सर्वांना एकच कायदा. तो इंग्रजांनी १८६० साली केला, आणि २०२४ च्या जुलैपासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तीही सर्वांना एकच. बँकेचे व्याज, घराचे भाडे, नोकरी, प्राप्तिकर यांतही मुसलमानांचे निराळे काही नाही. मग उरले काय? निकाह, तलाक, मेहेर, वारसा, बक्षीस आणि वक्फ. म्हणजे मुख्यत्वे घर आणि घरातली बाई. पुरुषांचे बाजारातले व्यवहार सरकारी कायद्याने चालावयाचे आणि घर मात्र धर्माच्या कायद्याकडे ठेवावयाचे, ही वाटणी इंग्रजांच्या अमदानीत झाली, आणि ती हिंदू, ख्रिस्ती, पारशी सर्वांच्याच बाबतीत झाली. ही वाटणी करताना बाईला कोणी विचारले नव्हते.

आता आपल्या मुंबईतलाच एक जुना खटला सांगते. तो १८४७ सालचा आहे. खोजा आणि मेमन या दोन्ही जमाती मुसलमान, परंतु वारशाच्या बाबतीत हिंदूंची चाल पाळणाऱ्या. बापाच्या इस्टेटीत मुलींना वाटा नाही. त्या जमातींतल्या मुलींच्या वतीने मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टात दावे लागले, की कुरआनात मुलीला वाटा सांगितला आहे तो आम्हांला द्या. न्यायाधीश होते सर अर्स्किन पेरी. त्यांनी निकाल दिला, की जमातीत जी चाल वहिवाटीने चालत आली तीच मान्य करावयाची. मुलींना वाटा मिळणार नाही. म्हणजे पाहा, बायका शरियत मागत होत्या आणि सरकारी कोर्ट नाही म्हणत होते! हे वाचले तेव्हा मी धाकटीला तेच पान पुन्हा वाचायला लावले.

कारण शरियतमध्ये मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे. आज तो निम्मा म्हणून आपल्याला कमी वाटतो, आणि तो कमीच आहे. परंतु हिंदू मुलीला बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलाबरोबरीने वाटा मिळाला तो १९५६ च्या कायद्याने, आणि वडिलोपार्जित इस्टेटीत महाराष्ट्रात १९९४ साली व देशभर २००५ साली. तेव्हा पूर्वीच्या काळी कोणाचे ताट भरलेले आणि कोणाचे रिकामे, हे आजच्या घड्याळावरून ठरवू नये.

पुढे १९३७ साली शरियतचा कायदा झाला. मुसलमानांच्या घरच्या बाबतीत जमातीची चाल बाजूला ठेवून शरियत लागू करावी असे त्यात म्हटले. लक्षात घ्या, हा काही आकाशातून पडलेला कायदा नव्हे. तो दिल्लीच्या विधिमंडळात इंग्रज सरकारच्या अमलात मते घेऊन मंजूर झालेला कायदा आहे. आणि त्यात एक गोष्ट वगळली, शेतजमीन. कोकणात तर आमच्याकडे शेतजमीन सोडून दुसरे काय होते! जमीनदारांना मुलींच्या वाट्याची धास्ती वाटली आणि तेवढ्यापुरता धर्म मागे राहिला. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, कायद्यात तसे लिहिले आहे.

माझ्या आईने आपल्या भावांना हक्कसोडपत्र करून दिले होते. बदल्यात तिला दरसाल आंब्याची एक पेटी आणि माहेरपणाचे चार दिवस मिळत. आमच्या शेजारच्या हिंदू बायकांनीही तेच केले होते. सातबाऱ्यावरून नाव काढून घेण्याच्या बाबतीत आम्हां दोघींच्या भावांचा कायदा पहिल्यापासून एकच आहे.

१९३९ चा कायदा मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. त्यापूर्वी नवरा परागंदा झाला, खायला घालीना, मारू लागला, तरी हनफी पंथाच्या बाईला त्याच्यापासून सुटका मिळणे जवळजवळ अशक्य होते. काही बायकांनी, विशेषतः पंजाबात, सुटकेसाठी धर्मच सोडला, कारण धर्म सोडला की निकाह तुटतो असे मानले जाई. तेव्हा मौलवींचे डोळे उघडले. मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या मोठ्या आलिमाने मालिकी पंथाचे नियम शोधून काढले, की अमुक कारणे असतील तर बाईला फारकत मिळू शकते. त्यावरून १९३९ चा कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोटाला देत नसेल, छळ करीत असेल, तर मुसलमान बाई कोर्टात जाऊन निकाह मोडून घेऊ शकते. तो कायदा आजही आहे. 'शरियतला हात लावता येत नाही' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा मला हे साल आठवते. हात लावला होता, आणि तोही आलिमांनी. बायका घर सोडून निघाल्या तेव्हा लावला.

आता माझ्या घरची गोष्ट. मला दोन मुली, मुलगा नाही. आमच्या ह्यांच्या नावावर जोगेश्वरीला दोन खोल्यांचे घर आहे, चाळ पाडून इमारत झाली त्यातले. सासूसासरे हयात नाहीत, गावी एक दीर आहेत. उद्या हे नसले (अल्ला करो तसे न होवो) तर त्या घराचे शरियतप्रमाणे चोवीस वाटे करा. मुले असल्यामुळे बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे तीन वाटे माझे. दोन मुलींना मिळून दोनतृतीयांश, म्हणजे सोळा वाटे. राहिले पाच, ते दिरांचे. मुलगा असता तर दिरांना काही नव्हते. माझे दीर भले माणूस आहेत, गणपतीला सुद्धा शेजारच्यांच्या घरी आधी हजर. परंतु दोन खोल्यांतले पाच वाटे म्हणजे न्हाणीघर की गॅलरी, हे कोणी सांगावे? आणि दिरांच्या मागे त्यांचे मुलगे आहेत.

जुन्या काळी ह्या वाटणीला अर्थ होता असे म्हणतात. बाप गेल्यावर चुलता पुतण्यांना सांभाळी, म्हणून त्याला वाटा. आज सांभाळणे गेले आणि वाटा तेवढा राहिला. मृत्युपत्र करून सुटका होत नाही, कारण मृत्युपत्राने तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देता येत नाही, आणि जो वारस आहे त्याच्या नावे तर बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय देताच येत नाही. मग वकीलबाईंनी मार्ग सांगितला, तो शरियतमधलाच आहे. हिबा म्हणजे बक्षीस. माणूस जिवंतपणी आपले सर्वस्व सुद्धा मुलींना देऊ शकतो. देण्याचे बोलले पाहिजे, घेणाऱ्याने घेतले पाहिजे आणि ताबा दिला पाहिजे, एवढ्या तीन गोष्टी हव्यात. घर असले तर कागद करून रजिस्टर करणे शहाणपणाचे. आमचे हे दोन महिने गप्प होते. मग म्हणाले, "घर देऊन टाकले आणि मुलींनी मला बाहेर काढले तर?" मी म्हटले, "मग तुम्हांला कळेल बायकांना कसे वाटते ते." पुढे दोघे हसलो. कागद झाला.

दुसरा एक मार्ग केरळातल्या कासरगोडच्या शुक्कूर वकिलांनी घेतला. त्यांना तीन मुली, मुलगा नाही. त्यांचा निकाह पूर्वीच झालेला होता, तरी २०२३ साली ८ मार्चला, म्हणजे महिला दिनाच्या दिवशी, पतिपत्नींनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्नाची नोंदणी केली. त्या कायद्याखाली लग्न झाले की वारसा १९२५ च्या सर्वसाधारण कायद्याने जातो, आणि मुलींना पूर्ण मिळते. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. परंतु या देशात अशी एक बिनधर्माची वाट १९५४ पासून उघडी आहे, ज्याला तिने जावयाचे असेल त्याने जावे, हे कितीजणींना ठाऊक आहे? हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कोणीही.

चार बायकांच्या प्रश्नाकडे येते. मुंबई सरकारने १९४६ साली हिंदू पुरुषांना दुसरे लग्न करण्याची बंदी केली. तोपर्यंत हिंदूंनाही मोकळीकच होती, चारचीही मर्यादा नव्हती, हे वहिनींनी लक्षात घ्यावे! एका हिंदू गृहस्थावर खटला झाला तेव्हा प्रश्न निघाला, की मुसलमानांना मोकळीक आणि आम्हांला शिक्षा, हा राज्यघटनेप्रमाणे भेदभाव नाही काय? १९५१ साली मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती छगला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढे हे आले. छगला मुसलमान, गजेंद्रगडकर हिंदू, आणि दोघांचे एकमत झाले. धर्माच्या घरगुती कायद्याला मूलभूत हक्कांची कसोटी लावता येणार नाही, आणि सरकारने सुधारणा टप्प्याटप्प्याने केली तर चालेल, असे त्यांनी म्हटले. टप्पाटप्पा ठीक आहे. पण आमचा टप्पा यायला अडुसष्ट वर्षे लागली, आणि तोही अर्धाच आला.

मधल्या काळात आपल्याच महाराष्ट्रात एक माणूस निघाला, त्याचे नाव हमीद दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर त्यांनी मुसलमान बायकांचा मोर्चा नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा अशी मागणी घेऊन. मोर्चात बायका किती होत्या? सात. फक्त सात! आपल्या हळदीकुंकवाला सुद्धा याहून जास्त जमतात. परंतु त्या सातजणींना घरातून बाहेर पडताना काय ऐकावे लागले असेल ते मला कळते. १९७० साली पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले आणि १९७७ साली वयाच्या पंचेचाळिशीच्या आत ते वारले. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाबाईंनी पुढे काम चालविले व आपली हकीकत पुस्तकात लिहिली. दलवाईंची सगळीच मते मला पटत नाहीत. धर्माबद्दल ते जसे बोलत तसे मी बोलणार नाही, मी नमाज पढणारी बाई आहे. परंतु तलाक दिलेल्या बायका दारोदार हिंडतात हे त्यांनी पाहिले, आणि ज्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केले त्यांच्यापेक्षा मला ते जवळचे वाटतात.

आता पोटगी. हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

नवऱ्याने टाकलेल्या बाईला पोटापुरते मिळावे म्हणून फौजदारी कायद्यात एक कलम इंग्रजांच्या वेळेपासून आहे. बाई भीक मागू नये, एवढाच त्याचा हेतू. त्याला धर्म नाही. १९७३ साली नवा कायदा झाला तेव्हा त्याचा क्रमांक १२५ झाला आणि तलाक झालेल्या बाईलाही ते लागू केले. मुंबईच्याच बाई ताहिरा यांचा खटला १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. नवऱ्याचे म्हणणे, मेहेराचे पाच हजार आणि इद्दतीचे एकशेऐंशी रुपये दिले, आता माझा संबंध संपला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हिशेब केला, की पाच हजारांच्या व्याजावर एक बाई महिनाभर जेवू शकते काय? नाही. मग पोटगी द्या. असा सरळ हिशेब कोर्टात झालेला वाचला की बरे वाटते.

त्यानंतर इंदूरच्या शहाबानो. १९३२ साली लग्न, पाच मुले, नवरा वकील. १९७५ साली त्यांना घराबाहेर काढले. १९७८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पोटगी मागितली आणि नोव्हेंबरात नवऱ्याने तलाक दिला. मॅजिस्ट्रेटने महिना पंचवीस रुपये ठरविले! हायकोर्टाने ते १७९ रुपये २० पैसे केले. एवढ्या रकमेसाठी नवरा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश होते. २३ एप्रिल १९८५ रोजी त्यांनी निकाल दिला, की १२५ कलम सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. मग देशभर गदारोळ झाला. मोर्चे निघाले. शहाबानोंवर इतका दाब आला, की त्यांनी स्वतःच आपल्याला हा निकाल नको असे जाहीर केले. माझ्या आईच्या हक्कसोडपत्रासारखेच झाले, फक्त आंब्याची पेटी तेवढी नव्हती. १९८६ साली सरकारने निराळा कायदा केला, त्याचा अर्थ सगळ्यांनी असा घेतला की नवऱ्याने इद्दतीपुरते, म्हणजे सुमारे तीन महिने द्यावे, पुढे माहेरच्यांनी किंवा वक्फ बोर्डाने पाहावे.

परंतु पुढची गोष्ट वर्तमानपत्रांनी मोठ्या अक्षरांत छापली नाही. शहाबानोंचे वकील दानियाल लतिफी यांनीच त्या नव्या कायद्याविरुद्ध अर्ज केला. २००१ साली निकाल लागला, तो असा. कायदा कायम राहील, पण 'इद्दतीच्या आत योग्य तरतूद' म्हणजे इद्दतीपुरती तरतूद नव्हे. बाईच्या पुढल्या सबंध आयुष्याची तरतूद इद्दतीच्या आत करून टाकावयाची. ज्या कायद्याने बाईचे हिरावून घेतले असे म्हणत होते, त्यातूनच तिला एकरकमी जास्त मिळू लागले. आणि १० जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती नागरत्ना व न्यायमूर्ती मसीह यांनी तेलंगणातल्या एका खटल्यात पुन्हा स्पष्ट केले, की १९८६ चा कायदा असला तरी मुसलमान बाईला १२५ कलमाचा दरवाजाही मोकळा आहे. आता नव्या कायद्यात त्या कलमाचा क्रमांक १४४ आहे. हे दोन आकडे कोणी विसरू नका, हिंदू भगिनींनीही. टाकलेल्या बायका सर्व धर्मांत आहेत.

तीन तलाकचे आपण टीव्हीवर पुष्कळ ऐकले. एका दमात तीनदा तलाक म्हणणे हे शरियतच्या दृष्टीनेही पापच मानतात, पण पाप असले तरी लागू होते असे हनफी मौलवी म्हणत आले. कुरआनात सांगितले आहे ते निराळेच. नवराबायकोचे बिनसले तर त्याच्याकडचा एक आणि तिच्याकडचा एक असे दोन पंच नेमा. ते पंच कधी कोणी नेमताना मी पाहिले नाही. माझ्या एका मावसबहिणीला परगावाहून पत्राने तलाक आला. तिला अक्षर लागत नव्हते, पोस्टमननेच वाचून दाखविला. तिच्या नवऱ्याने पंच नेमले नव्हते, मेहेर दिला नव्हता, इद्दतीचा खर्चही नाही. शरियतमधले त्याने उचलले ते तीन शब्द तेवढे.

आपल्या हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २००२ सालीच हे बंद करण्याचा प्रयत्न केला होता. खटला लातूरच्या दगडू पठाण यांचा. (नाव पाहा! यापेक्षा मराठी मुसलमान कोण असणार?) 'मी तलाक दिला आहे' असे कोर्टात नुसते लिहून देऊन भागणार नाही, कारण काय, समेटाचा प्रयत्न झाला काय, तलाक कधी व कसा दिला, हे सिद्ध करावे लागेल, असे तीन न्यायाधीशांनी ठरविले. शेवटी २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंडच्या शायराबानो यांच्या खटल्यात एका दमातला तीन तलाक रद्द ठरविला, पाचांपैकी तीन न्यायाधीशांच्या मताने. २०१९ साली संसदेने कायदा करून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. ह्या कैदेबद्दल मला शंका आहे. रद्द केले हे फार चांगले झाले. परंतु नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, आणि सासरी ती बाई दुसऱ्या दिवशी कशी राहणार? हिंदू नवरा बायकोला न सांगता सोडून गेला तर त्याला या कायद्याने तुरुंग नाही. हा फरक आमच्या गल्लीतल्या बायकांनाही समजतो.

इतर देशांचे थोडक्यात सांगते. तुर्कस्तानने १९२६ साली शरियत बाजूला ठेवून स्वित्झर्लंडच्या धर्तीवर सर्वांना एक कायदा केला. ट्युनिशियाने १९५६ साली दुसरी बायको करण्यास बंदी केली, आणि तेही शरियतचाच आधार देऊन, की सर्व बायकांना सारखे वागविणे माणसाला शक्य नाही. पाकिस्तानात १९६१ पासून तलाक दिला तर लेखी कळवावे लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. युरोपात ग्रीस देशाच्या एका प्रांतात मुसलमानांचा वारसा मुफ्तीकडे जात असे. २०१८ साली तेथे कायदा बदलला, की पक्षकारांची इच्छा असेल तरच मुफ्ती, नाही तर सरकारी कायदा. तेव्हा जगात एकच रीत नाही.

आणि इतके लांब कशाला, आपल्या गोव्यात पाहा. पोर्तुगीजांचा १८६७ चा कायदा तेथे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सर्वांना आजही लागू आहे. पोर्तुगालने स्वतः तो केव्हाच बदलला! तेथे लग्न झाले, की निराळा करार केला नसेल तर दोघांच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा हक्क. गोव्यातल्या मुसलमानाला दुसरी बायको करता येत नाही, आणि त्यामुळे तेथील मशिदी ओस पडल्या असे काही झाले नाही. गंमत अशी, की त्या कायद्याबरोबर हिंदूंच्या चालीरीतींसाठी जी सवलत ठेवली, त्यात मूल झाले नाही तर हिंदू नवऱ्याला ठराविक परिस्थितीत दुसऱ्या लग्नाची मुभा होती.

मला पुष्कळजणी विचारतात, समान नागरी कायदा हवा की नको? घटनेच्या ४४ व्या कलमात तो आहे. १९४८ साली घटनासमितीत चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी असेही सुचविले होते, की सुरुवातीला जे राजीखुशीने स्वीकारतील त्यांनाच तो लावता येईल. उत्तराखंडात २०२५ च्या जानेवारीपासून तसा कायदा सुरू झाला आहे, पण त्यातून आदिवासींना वगळले आहे. माझे उत्तर असे, की मला आधी कागद दाखवा. मुलीला मुलाबरोबर वाटा, नवऱ्याच्या घरात बायकोचा हक्क, आणि पोटगी महिन्याच्या महिन्याला हातात पडेल अशी सोय, एवढे त्यात असेल तर माझा अंगठा नव्हे, सही घ्या. पण नुसते 'त्यांची चार लग्ने बंद करा' एवढ्यासाठी हवा असेल, तर त्यात बाईचे काय आहे? धर्मनिरपेक्ष राज्याने काय करावे याबद्दल माझी समजूत साधी आहे. नमाज, रोजा, कुंकू, मंगळसूत्र हे ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावे. पण बाईला घराबाहेर काढले, की तिचा धर्म न विचारता दार उघडणारी एक जागा सरकारने ठेवलीच पाहिजे, आणि त्या दाराला कोणाच्याही धर्माचे कुलूप नसावे.

शेवटी निकाहनाम्याबद्दल, कारण त्याचा उपयोग लगेच करता येतो. निकाह हा करार आहे, त्यात अटी घालता येतात, हे आमच्या धर्माचे मोठेपण मी मानते. 'नवऱ्याने दुसरे लग्न केले तर तलाक घेण्याचा अधिकार मला राहील' असे मुलगी लिहून घेऊ शकते. त्याला तलाक-ए-तफवीज म्हणतात, आणि आपल्या देशातल्या कोर्टांनीही तो मान्य केला आहे. पाकिस्तानात छापील निकाहनाम्यात त्यासाठी अठरावा रकाना आहे, परंतु पुष्कळ ठिकाणी मुलीला न विचारताच त्यावर काट मारतात म्हणे. आपल्याकडे तर मुली निकाहनामा वाचतच नाहीत. बुरख्याआडून 'कबूल' म्हणावयाचे आणि सही करावयाची. माझा निकाहनामा मी लग्नानंतर एकोणीस वर्षांनी सबंध वाचला.

मेहेराचीही एक खोच ऐका. उर्दूत दोन शब्द आहेत, ऐकायला अगदी सारखे, मुअज्जल आणि मुअज्जल. फक्त लिहिताना मधले अक्षर निराळे. एकाचा अर्थ रोख, दुसऱ्याचा अर्थ पुढे केव्हातरी. मांडवात काझी मोठ्याने वाचतात तेव्हा रोख की उधार हे कोणाला कळत नाही. म्हणून आकडा आणि 'आज दिले' किंवा 'पुढे देणे' हे मराठीत लिहून घ्यावे.

माझ्या थोरल्या मुलीची बोलणी हल्ली चालू आहेत. मुलाकडचे लोक चांगले आहेत, मुलगा अंधेरीला नोकरीला आहे. आम्ही तीन गोष्टी लिहून मागितल्या. मेहेर सोन्यात आणि निकाहाच्या दिवशी. दुसरे लग्न केल्यास तफवीज. आणि तलाकची वेळ आलीच तर दोन्हीकडचा एकेक पंच बसल्याशिवाय तलाक नाही. पहिली त्यांनी लगेच मान्य केली. तिसरीला मुलाचे वडील म्हणाले, हे तर कुरआनातच आहे, लिहायला काय हरकत. दुसरीवर मुलाची आई म्हणाली, "माझ्या मुलावर विश्वास नाही काय?" मी म्हटले, "बहीण, विश्वास आहे म्हणून तर मुलगी देते. कागद विश्वास संपल्यावर लागतो." त्या विचार करून सांगणार आहेत. पुढच्या रविवारी पुन्हा बसावयाचे ठरले आहे.